दोन गुणांचं दही

आमच्या मेसमध्ये जागा धरायची एक पद्धत होती. ज्या मैत्रिणीसाठी किंवा मित्रासाठी जागा हवी, त्याच्या नावाने टेबलावर एक ताट पालथं घालून ठेवायचं. पालथ्या ताटापाशी दुसरं कुणी बसत नसे. मेस चालवणाऱ्या छायाकाकू रोज ओरडायच्या, "पोरींनो, ताट पालथं घालू नगा, अवदसा येती!" पण एकशेवीस पोरं आणि सत्तर जणांची जागा असं गणित असल्यावर अवदसेला कोण भितंय.

पहिली दोन वर्षं माझ्यासाठी एकदाही कुणी ताट पालथं घातलं नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं आणि मी मध्येच दुसरीकडे गेले तर हे सांगायचं राहून जाईल. मी जातेच दुसरीकडे.

माझं नाव राजनंदिनी खोत. २०४१ साली मी कृष्णाकाठ विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होते. माझं लक्ष एका जागी टिकत नाही. हे कौतुकाने सांगायचं नाही, हा आजार आहे आणि त्याला कागद आहे. लहानपणापासून समोरचा बोलत असताना मी त्याच्या शर्टाची बटणं मोजते, मध्येच बोलते, छत्र्या हरवते. एकदा तर मी सायकल घेऊन गेले आणि चालत परत आले. अशा मुलीला लोक वाईट म्हणत नाहीत, फक्त हळूहळू तिच्या शेजारी बसायचं टाळतात.

माझ्यावर डॉक्टर मगदूम मॅडमचे उपचार सुरू होते. त्यांनी मला 'स्थिरा' नावाची गोळी लिहून दिली होती. तेव्हा ती बाजारात येऊन दोनच वर्षं झाली होती. पूर्वीची उत्तेजक औषधं सगळ्या मेंदूलाच जागं करायची, घरातले सगळे दिवे एकदम लावावेत तशी. स्थिरा एकाच खोलीत दिवा लावते. गोळी रक्तात ठरावीक पातळीला पोचली की साधारण आठ मिनिटांची एक वेळ येते. तिला डॉक्टर 'खिडकी' म्हणतात. त्या आठ मिनिटांत मेंदूसमोर जे काही असेल, त्याला तो 'हा आपला विषय' म्हणून शिक्का मारतो आणि पुढचे चार तास बाकीच्या गोष्टी गाळून टाकतो.

आता खरी मेख ऐका. माझ्या मेंदूतली ही गाळणी जन्मापासून सैल आहे. गोळी ती हवी तेवढीच घट्ट करते, म्हणून मी अभ्यासही करते आणि कुणी हाक मारली तर ओ सुद्धा देते. ज्याची गाळणी मुळात ठाकठीक आहे, त्याने ही गोळी घेतली तर गाळणी इतकी घट्ट होते की विषयाबाहेरचं काही म्हणजे काहीच आत शिरत नाही. "आवळलेला नट आणखी आवळला की आटे जातात," असं मगदूम मॅडमनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मान डोलावली होती. तेव्हा मी त्यांच्या भिंतीवरची पाल बघत होते.

गोळ्या एका डबीत यायच्या. रोज सकाळी सातला माझा अंगठा लावला की डबी उघडायची आणि एकच गोळी बाहेर यायची. दुरुपयोग होऊ नये म्हणून ही योजना केली होती. करणाऱ्याला दंडवत! डबीला अंगठा कळतो, पोट कळत नाही.

सुरुवात संस्कृतीपासून झाली. संस्कृती डुबल ही माझी खोली क्रमांक चौदामधली जोडीदारीण आणि वर्गात कायम पहिली येणारी. तिची जर्नल्स छापल्यासारखी दिसायची. पण दिवाळीनंतरच्या चाचणीत ती तिसरी आली आणि तिची झोपच उडाली. एका सकाळी ती पुस्तक उघडं ठेवून नुसती रडत होती. मला तिची दया आली. खरं सांगायचं तर दयेबरोबर आनंदही झाला, कारण संस्कृती माझ्यासमोर रडत होती आणि मला कुणाचं रडणं बघायला मिळण्याइतकी जवळीक याआधी मिळालीच नव्हती.

"घे," मी म्हटलं आणि त्या दिवसाची माझी गोळी तिच्या हातावर ठेवली.

तिने चार तासांत जीवाणूंचं अख्खं पुस्तक संपवलं. दुपारी मी मेसमध्ये गेले तर तिच्या शेजारी एक ताट पालथं होतं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"तुझं की!" संस्कृती म्हणाली.

त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं म्हणतात. मला कळलं नाही.

बातमी दोन दिवसांत दोन्ही वसतिगृहांत पसरली. माझी जर्नल्स कुणीतरी लिहून देऊ लागलं. वाढदिवसाला मला बोलावणी येऊ लागली. मेसमध्ये एके दिवशी माझ्यासाठी चार ताटं पालथी होती आणि कुठे बसावं हे मला ठरवता येईना. मी एक दिवसाआड माझी गोळी दुसऱ्याला देत होते. लोकांना वाटायचं मी उदार आहे. मी उदार नव्हते, भुकेली होते.

गडबडी सुरू झाल्या त्या खिडकीमुळे. स्वराज शेवाळे नावाचा आमच्या वर्गातला दांडगा गडी गोळी घेऊन पुस्तकासमोर बसला आणि नेमका खिडकीच्या वेळी त्याच्या मावशीचा फोन आला. मावशीच्या मुलीचं लग्न ठरत होतं. पुढचे चार तास स्वराजने दोन्हीकडच्या पाहुण्यांची यादी, मानपानाचा क्रम आणि कोणत्या आत्याला कोणत्या आत्याशेजारी बसवू नये याचा तक्ता करून दिला. मावशी अजून त्याचे गुण गाते. त्या विषयात मात्र तो नापास झाला. दुसरी एक मुलगी वाटेत काकूंना मेथी निवडायला मदत करायला म्हणून दोन मिनिटं बसली. तिने त्या दिवसाची सगळी मेथी निवडली, उद्याची निवडली, मग पानांची लांबीनुसार वर्गवारी केली. छायाकाकूंनी तिची दृष्ट काढली.

एवढ्याने शहाणी माणसं थांबली असती. पण आम्ही औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी होतो. आम्हाला वाटलं, आपण वेळ मोजण्यात चुकलो, गोळी घेण्यात नाही.

वार्षिक परीक्षेतला शेवटचा पेपर औषधक्रियाशास्त्राचा होता, पंचाहत्तर गुणांचा, तीस गुणांना पास. या विषयाच्या वर्षातल्या दोन्ही चाचण्यांत मी आपटले होते. तिसऱ्यांदा आपटले तर प्रवेश रद्द होऊन घरी जायचं, असा नियम होता. माझ्या वडिलांनी गावातल्या दुकानावर लावायला 'खोत मेडिकल' असा फलक रंगवूनसुद्धा आणला होता. तो आमच्या माडीवर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

संस्कृतीने योजना आखली. पुस्तकावर लक्ष लावून काय उपयोग? परीक्षेच्या दिवशी लक्ष थेट प्रश्नपत्रिकेवर लावायचं. तिने आलेख काढला. रिकाम्या पोटी गोळी घेतली की पन्नास मिनिटांनी खिडकी उघडते. पेपर साडेदहाला हातात येतो. म्हणजे बरोबर नऊ चाळीसला गोळी घ्यायची आणि साडेदहाला, खिडकी उघडली की, सगळी प्रश्नपत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत राहायची. अख्खा पेपर हाच विषय म्हणून ठरला की तीन तास दुसरं काही दिसणारच नाही. तो आलेख इतका सुबक होता की कुणाला शंका काढायचं धाडसच झालं नाही.

आमच्या चाळीस जणांच्या वर्गातले अठ्ठावीस जण तयार झाले. त्यासाठी मी जवळजवळ महिनाभर रोज गोळी काढून कंपासपेटीत टाकली, पेपरच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकेक वाटली आणि स्वतः एकही घेतली नाही. त्या महिन्यात माझा अभ्यास कसा झाला ते विचारू नका. मूत्रपिंडाचा धडा मी सव्वीस वेळा उघडला. आमच्या खिडकीतल्या मुंग्यांचा दिनक्रम मात्र मला अजून पाठ आहे.

पेपरच्या दिवशी सकाळी सातला मी डबी उघडली. ही गोळी माझी होती. एवढी एक घेतली, धड बसून लिहिलं, तर तीस गुण मिळतील अशी माझी समजूत होती. गोळी हातात होती, पाण्याचा पेला हातात होता आणि संस्कृती आत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नंदे, मी माझी काल उजळणीला घेऊन टाकली. मला वाटलं तुझ्याकडे जास्तीची असेल."

"जास्तीची नाही गं. ही एकच आहे."

ती काही मागत नव्हती. नुसती उभी राहून रडत होती. मी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि गोळी तिला दिली. प्रवेश रद्द झाला असता तर मी घरी गेले असते, पण नाही म्हटलं असतं तर मला उरलेले दिवस एकटीने जेवावं लागलं असतं. त्या क्षणी मला दुसरंच जास्त भयंकर वाटलं. मूर्खपणा होता. पण तसं वाटलं खरं.

नऊ चाळीसला अठ्ठावीस जणांनी घड्याळ लावून गोळ्या घेतल्या. नऊ पंचेचाळीसला आम्ही सगळे वसतिगृहाच्या फाटकापाशी आलो. आणि फाटकात छायाकाकू उभ्या होत्या.

काकूंच्या मेसमधलं पोर परीक्षेला दही-साखर खाल्ल्याशिवाय जात नसे. इतर वेळी त्या तळहातावर एक चमचा ठेवायच्या. पण हा शेवटचा पेपर होता, शिवाय घरी म्हैस व्यालेली होती. त्यांनी वाट्या आणल्या होत्या. प्रत्येक वाटीत काठोकाठ दही, वर बोटभर साय आणि साखर.

"काकू, एक चमचाच द्या," संस्कृती म्हणाली.

"का गं? वर्षभर डोकं फोडलंस न्हवं? खा! माझ्या हातचं दही खाऊन कुणी नापास झाल्यालं न्हाई."

हे खरं नव्हतं, मी दोनदा झाले होते. पण काकूंना नाही म्हणायची कुणाची छाती होती? सगळ्यांनी वाटी पुसून खाल्ली. मीही खाल्ली. 'रिकाम्या पोटी' हे दोन शब्द आलेखावर लाल शाईने लिहिलेले होते आणि ते आमच्यापैकी एकालाही आठवले नाहीत, कारण आमच्या लेखी दही-साखर म्हणजे खाणं नव्हतंच. तो आशीर्वाद होता.

जठराला आशीर्वाद कळत नाही. सायीचं दही पोटात गेलं की जठर आपलं दार हळू उघडतं आणि दह्यातलं कॅल्शियम काही औषधांना धरून ठेवतं. गोळी रक्तात पोचायला उशीर होतो. आमच्या बाबतीत तो पंधरा मिनिटांचा झाला.

साडेदहाला प्रश्नपत्रिका मिळाल्या. अठ्ठावीस जणांनी ठरल्याप्रमाणे त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, दोनदा वाचल्या. खिडकी उघडलीच नव्हती. त्यांना वाटलं, काम झालं. मग सगळ्यांनी लिहायला घेतलं. आमचे विभागप्रमुख आवटी सर पर्यवेक्षक होते आणि त्यांचा दंडक होता की उत्तरं क्रमानेच लिहायची. म्हणून सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला प्रश्न, उपप्रश्न अ, गुण दोन. 'अन्न व औषध यांची आंतरक्रिया म्हणजे काय? एक उदाहरण द्या.' तीन ओळींचं उत्तर.

पावणेअकराला, त्या तीन ओळी लिहिताना, खिडकी उघडली.

मला क्रम कधी जमलाच नाही. माझी नजर चौथ्या प्रश्नावर पडली, मी तो अर्धा लिहिला, मग दुसरा आठवला, तिथून सहाव्याला गेले. असं करत मी साऱ्या पेपरभर हिंडत होते. अकराच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की वर्गात पेनांचा आवाज फार येतोय.

"सर, पुरवणी," संस्कृती म्हणाली. मग मागून कुणीतरी म्हणालं. मग सगळीकडून तोच गजर सुरू झाला.

आवटी सरांचा चेहरा फुलला. "हे बघा," ते शिपाई संपतमामांना म्हणाले, "ही बॅच वेगळीच आहे. मी म्हटलं नव्हतं?"

साडेअकराला संपतमामा पुरवण्यांचा दुसरा गठ्ठा घेऊन आले. बाराला पुरवण्या संपल्या आणि ते शेजारच्या अध्यापक विद्यालयात पळाले. सव्वाबाराला पुरवण्या बांधायचा दोरा संपला. मामांनी कार्यालयातल्या फोटोचा हार उसवून त्याचा दोरा आणला. त्या दोऱ्याला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या.

मी संस्कृतीच्या बाकाकडे पाहिलं. पुरवणी क्रमांक एकवीस. वर लिहिलेलं होतं, 'प्रश्न १ (अ) पुढे चालू.'

मी खाकरले. तिने ऐकलं नाही. मी पायाने तिचा बाक हलवला. तिने माशी हाकलावी तसा हात हलवला आणि लिहीत राहिली. तिच्या पलीकडचा, त्याच्या पलीकडचा, सगळे पहिल्या 'अ'वर. एकटा स्वराज शेवाळे लिहीत नव्हता. त्याची खिडकी पाच मिनिटं आधीच उघडली असावी, कारण तो उत्तरपत्रिकेच्या मुखपृष्ठावरच्या सूचना वाचत होता. तल्लीन होऊन, बोट फिरवत, पुन्हा पुन्हा. 'उत्तरपत्रिकेत देवाचे नाव लिहू नये' या ओळीशी तो बराच वेळ थांबत होता.

आता सरांनाही संशय आला. "पुढचा प्रश्न घ्या!" ते ओरडले. गोळी न घेतलेले अकरा जण सोडले तर कुणी मान वर केली नाही. त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं. काही नाही.

साडेबारा वाजले होते. माझा पेपर जेमतेम निम्मा झाला होता. उरलेल्या तासात तो पुरा करणं हेच शहाणपणाचं होतं. पण संस्कृती, जी कायम पहिली यायची, ती डोळ्यांदेखत दोन गुणांत बुडत होती आणि तिच्या गळ्यात तो धोंडा मीच बांधला होता. मला ते बघवेना.

मग माझ्या भटक्या डोक्यात एक गोष्ट आली. विषयाबाहेरचं आत जात नाही. पण विषयातलं जाईल की! हे सगळे अन्न आणि औषधात अडकलेत. तर मग त्यातूनच हाक मारायला हवी. आणि त्याच वेळी, देवाशपथ सांगते त्याच वेळी, मला सकाळची वाटी दिसली.

मी बाकावर उभी राहिले. "दही!" मी ओरडले. "अरे, आपण सकाळी दही खाल्लं! स्थिरा घेतली आणि वर दही खाल्लं! म्हणून उशीर झाला!"

सत्तावीस पेनं थांबली. सत्तावीस माना वर झाल्या. सत्तावीस चेहऱ्यांवर एकदम उजेड पडला. संस्कृतीने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतकी कृतज्ञता होती की मला वाटलं, सुटले सगळे.

"वा!" ती म्हणाली. "उत्तम उदाहरण!"

आणि सत्तावीस जणांनी माना खाली घालून ते लिहून घेतलं.

"खोत!" आवटी सर गरजले. "भर परीक्षेत उत्तर सांगतेस? सगळ्या वर्गाला?"

माझी उत्तरपत्रिका तिथल्या तिथे काढून घेतली गेली.

दीडची घंटा झाल्यावर सरांच्या खोलीत माझी चौकशी सुरू झाली. बाहेर व्हरांड्यात सत्तावीस जण अजून एकमेकांना द्राक्षाचा रस आणि पालकाची भाजी यांची उदाहरणं सांगत होते. स्वराज भेटेल त्याला सूचना समजावून देत होता.

"कॉपीचा प्रकार आहे हा," सर म्हणाले. "तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही. तुझी तर ही तिसरी वेळ. काही सांगायचंय?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सांगितलं असतं तर अठ्ठावीस जण अडकले असते. न सांगितलं असतं तर मी एकटी. मी टेबलावरचा पेपरवेट बघत राहिले. त्यात एक निळा बुडबुडा होता. मला माझं कौतुक वाटत होतं, भीतीही वाटत होती आणि घरच्या माडीवरचा तो फलक आठवून रडूही येत होतं.

"बघू तरी, तुझ्या कृपेने काय लिहिलंय यांनी," सर म्हणाले आणि त्यांनी गठ्ठ्यातली पहिली उत्तरपत्रिका उघडली. ती संस्कृतीची होती. ते शेवटची पुरवणी मोठ्याने वाचू लागले.

"'उदाहरण क्रमांक त्रेपन्न. औषध, स्थिरा. अन्न, म्हशीचं दही, सायीसह, एक वाटी. प्रयोगातील व्यक्ती, अठ्ठावीस, यादी सोबत जोडली आहे.'"

सरांचा आवाज हळू झाला. यादी खरोखरच जोडलेली होती, खोली क्रमांकांसकट.

काय झालं ते माझ्या ध्यानात आलं. ज्याचं डोकं एका विषयात कुलूपबंद आहे, त्याला लाज, भीती, नियम, शिक्षा यांतलं काही सुचतच नाही. त्याला फक्त उत्तर पूर्ण करायचं असतं. आणि चांगल्या उदाहरणात मात्रा लागते, वेळ लागते, औषध कुठून मिळालं ते लागतं. गुप्तता पाळायची म्हणून एकमेकांना शपथा घातलेल्या सत्तावीस जणांनी आपापला कबुलीजबाब सही-शिक्क्यासकट विद्यापीठाला सादर केला होता. तोही मुद्देसूद, आकृत्यांसह.

"'औषधाचे प्राप्तिस्थान,'" सर वाचत होते, "'राजनंदिनी खोत. ही गोळी तिची स्वतःची होती आणि शेवटची होती. तिला आजार आहे, तिला गरज होती. मी रडले म्हणून तिने दिली. दात्रीवर परिणाम: लक्ष भटकते आहे. परंतु आज या वर्गात दुसऱ्याकडे लक्ष असलेली ती एकटीच दिसते.'"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे खरं?"

"खरं आहे, सर," मी म्हटलं. "आणि तिनं लिहिलंय तेवढी मी चांगली नाही. तीन महिने मी सगळ्यांना गोळ्या दिल्या. ते माझ्यासाठी ताट पालथं घालायचे म्हणून दिल्या. मला फार बरं वाटायचं. चुकलं माझं."

ताट म्हणजे काय हे सरांना कळलं नसावं. पण त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

पुढे समिती बसली. डॉक्टर मगदूम स्वतः आल्या आणि त्यांनी आम्हा एकोणतीस जणांची आधी हृदयतपासणी केली, मग हजेरी घेतली. तिघांची नाडी दोन दिवस धावत होती. "हसू येतंय ना?" त्या म्हणाल्या. "यातल्या एखाद्याचं हृदय कमकुवत असतं तर?" तेव्हा कुणी हसलं नाही. मलाही पहिल्यांदाच पाल दिसली नाही, फक्त त्यांचा चेहरा दिसला.

"माझं औषध बंद करणार?" मी घाबरत विचारलं.

"तुला ते लागतं, बंद कशाला करू? बंद करायचाय तो तुझा हा दानधर्म."

पेपर रद्द होऊन आम्हा एकोणतीस जणांना सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा मिळाली. माझी ती तिसरीच वेळ धरायची, असं आवटी सरांनी भांडून घेतलं. डबीला मात्र आता दोन अंगठे लागायचे, माझा आणि छायाकाकूंचा. काकूंना दह्याची हकिगत कळल्यावर त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मग त्यांनी ही जबाबदारी अशी उचलली, की काय सांगू. रोज सातला मेसच्या दारात, "गिळ. आ कर. जीभ उचल. दुसऱ्या बाजूनं." मागे नाश्त्याची रांग उभी.

ताटं अर्थातच बंद झाली. काही जण माझ्यावर चिडले होते, काहींना लाज वाटत होती, बाकीच्यांना माझ्याकडे यायचं कारणच उरलं नव्हतं. संस्कृतीला तिचे वडील घरी घेऊन गेले. तिचा फोन आला नाही. मी केला नाही. मी एकटीने जेवले आणि मूत्रपिंडाचा धडा पुरा वाचला. तो चांगला आहे.

फेरपरीक्षेच्या सकाळी फाटकात काकू हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या.

"दही?" मी विचारलं.

"पेपर झाल्यावर. आता निस्ता तोंडानं आशीर्वाद. जावा."

वर्गात संस्कृती होती. वाळली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. मी पहिल्यापासून, क्रमाने, शेवटपर्यंत लिहिलं. एकही पुरवणी घेतली नाही. घंटा झाली तेव्हा संस्कृती अजून लिहीत होती आणि सरांनी तिच्या हातातून पेपर ओढून घेतला. तिचा शेवटचा प्रश्न राहिला होता. तिचं काही राहिल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. ती तरातरा निघून गेली.

माझ्या पेनाचं टोपण हरवलं होतं. ते शोधून मी मेसला पोचले तेव्हा सगळी टेबलं भरलेली होती. मी ताट घ्यायला वळले आणि मला कोपऱ्यात संस्कृती दिसली. ती एकटीच बसली होती. तिच्या शेजारी एक ताट पालथं होतं.

मी जवळ जाऊन उभी राहिले.

"कुणी येणार आहे?" मी विचारलं.

"तू."

"संस्कृती, डबी काकूंकडे असते आता. माझ्याकडे काही नाही."

"माहितेय मला," ती म्हणाली. "बस की. त्या मूत्रपिंडाच्या प्रश्नात तू काय काय लिहिलंस सांग. आणि मध्येच दुसरीकडे गेलीस तरी चालेल."

छायाकाकू दह्याचं पातेलं घेऊन आल्या. त्यांनी पालथं ताट पाहिलं, ओरडायला तोंड उघडलं, मग आमच्या दोघींकडे पाहून मिटलं. मी ताट सुलटं केलं आणि त्यांनी त्यात वाटीभर दही वाढलं.